लिंबू पिळलेलं इंजिन

मी एक इंजिन बोलतेय. तळहातावर मावणारं, विजेवर धावणारं, खेळातलं. खेळातलं म्हटलं की माणसं हसतात. हसा. पण माझं पोट दोनदा फाडलंय, एकदा मला जाळलंय, तरी मी रोज संध्याकाळी कामावर हजर असते.

माझं बोलणं तिखट वाटेल. त्याला इलाज नाही. ज्या घरात मी राहते तिथली बाई, तारामती, हिला गोड बोलता येत नाही. इतकी वर्षं तिचंच ऐकलं. तिचीच जीभ मला लागली.

माझा जन्म परदेशातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. रंगाचा वास, बारीक पेचकस, मग खोक्यातला अंधार. खोकं उघडलं ते मुंबईतल्या एका दुकानात. तंबाखूच्या कामाला गेलेले तारामतीचे यजमान, शांतिनाथ अण्णा, काचेबाहेर उभे राहिले ते हलायलाच तयार नाहीत. दुकानदार शेवटी म्हणाला, "आत तरी या, दार अडतंय."

असं मी निपाणीला आले.

निपाणीला रेल्वे नाही. रूळ बघायचे तर चिकोडी रोडला जा, नाहीतर बेळगावला, नाहीतर कोल्हापूरला. अण्णांना लहानपणापासून रेल्वेचं वेड, आणि गाव मिळालं ते असं. मग त्यांनी माडीवरच्या खोलीत रेल्वे आणली. प्लायवूडचं मोठं टेबल केलं. तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याचा पूल केला. छत्रीच्या काड्यांचं फाटक केलं. स्टेशन केलं आणि त्यावर स्वतःच्या हातानं पिवळ्या पाटीवर 'निपाणी' लिहिलं.

तारामती पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "गावाला रेल्वे न्हाय, आमच्या माडीवर हाय. आता तिकीट काढून वर यायचं का कसं?"

"तुला पास देतो," अण्णा म्हणाले.

हे जैनांचं घर. दिवस असताना जेवणं उरकतात. मग पुढं लांबलचक संध्याकाळ उरते. ती संध्याकाळ माझी असायची. अण्णा काळ्या डब्याचं बटण फिरवायचे, रुळात करंट यायचा, मी पळायचे. बटण मागं घेतलं की रूळ मेले आणि मीही मेले. उभं इंजिन म्हणजे नुसता पत्रा. तारामती झाडायला आली की ओल्या फडक्यानं रूळ पुसायची, माझ्या टपावरनं फडकं फिरवायची. मला काही व्हायचं नाही. उभी आहे म्हणजे बंद आहे, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

मग अण्णांच्या डोळ्यांत साखर उतरली.

आधी स्टेशनवरची पाटी दिसेना. मग मी दिसेना. मग काहीच दिसेना. मिरजेला नेलं, हुबळीला नेलं. परत आले ते तारामतीचा हात धरून, आणि तो हात तिनं पुढं सोडलाच नाही. जिना चढवताना हात. अंगणात हात. ताटात ती भाकरी कुस्करून आमटीत कालवून द्यायची. चहाची बशी ओठाला लावायची. प्रेम होतं, मी नाही म्हणत नाही. पण घोड्याला लगाम घालतात तसलं प्रेम.

एका संध्याकाळी ती देवळात गेलेली बघून अण्णा एकटे माडीवर आले. भिंतीला हात लावत लावत टेबलापर्यंत पोचले. बटण फिरवलं. मी पळाले. पण मी कुठं पळतेय ते त्यांना कळेना, माझा आवाज तो किती, डास गुणगुणावा तेवढा. त्यांनी बटण बंद केलं. आता मी टेबलावर कुठंतरी उभी, मुकी. ते हातानं चाचपत मला शोधायला लागले. पुलावर हात आला, फाटकावर आला, छत्रीची काडी मोडली. मग मनगट माझ्यावर आपटलं आणि मी टेबलावरनं खाली फरशीवर.

ते खाली बसले. मला शोधलं नाही. नुसते बसून राहिले. तारामती आली तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून तिनं पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. मला उचललं, कपाटात टाकलं.

त्यानंतर टेबलावर शेवयांचे डबे आले. चिंचेच्या बरण्या आल्या. माझ्या पुलावर लोणच्याची बरणी. मुलगा विनय पुण्याला असतो, त्याला तिनं फोनवर सांगितलं, "दसरा झाला की सुतार येनार हाय. टेबल काढून टाकतो. वर आलं की ह्यांचं तोंड उतरतंय. नगंच ते."

अण्णा शेजारीच बसलेले. ते म्हणाले, "फोन इकडं दे."

फोन घेऊन म्हणाले, "विनय, ह्या घरात एक तरी गोष्ट मला कुणाला न विचारता करायची हाय. एकच. काय उपाय असंल तर बघ. नसंल तर सुतार येऊदे."

हे बोलणं कपाटातल्या मला ऐकू आलं. माझ्या जिवाची मुदत तेव्हा ठरली. सुताराच्या आधी काही झालं तर झालं.

विनयनं शोधून काढली ती रचना. नंदगडकडच्या शेतकऱ्याची मुलगी, डिप्लोमा केलेली. बेळगावच्या उद्यमबागेत मशिनांचे कंट्रोल पॅनेल जोडायच्या कारखान्यात नोकरी. रविवारी ती असल्या छोट्या इंजिनांत चिप आणि आवाज बसवते. तिचं स्वतःचंही एक इंजिन आहे. गाडीवरनं आली, हेल्मेट काढलं, अण्णांच्या पाया पडली आणि सरळ मला मागितलं.

"हिच्या पोटात जागा न्हाय अण्णा," मला उलटंसुलटं करत म्हणाली. "जुन्या पद्धतीचं आहे. कापावं लागंल."

"काप."

"कापलं की परत पहिल्यासारखं व्हायचं न्हाय."

"मी तरी कुठं पहिल्यासारखा हाय," अण्णा म्हणाले. "काप गं."

मला उघडलं. टप बाजूला, आत जस्ताचं जड अंग, मधे मोटर. त्या अंगावर तिनं कानस चालवली. दुखलं का विचाराल, तर कानस चालताना माझं सगळं अंग थरथरत होतं, एवढंच सांगते. टपाच्या जाळीखाली तिनं जागा केली, तिथं लहान स्पीकर बसवला, तोंड वर करून. त्याच्या मागं नखाएवढी हिरवी पट्टी. तिला डिकोडर म्हणतात. आता रुळात सतत करंट राहणार, आणि हात-कंट्रोलरवरनं आलेला हुकूम त्याच करंटातून ही पट्टी ओळखणार. चल म्हटलं की चल. भोंगा म्हटलं की भोंगा.

एक गोष्ट मात्र फार जिवावरची. माझी मोटर खालच्या अंगाला चिकटलेली, आणि ते अंग चाकांतून रुळाला. जुन्या पद्धतीत चालतं. डिकोडरला चालत नाही. मोटर अंगाला कुठं जरी टेकली तरी पहिल्या करंटला पट्टी जळते. रचनानं मोटर उचलली, खाली टेप लावली, मोटरला करंट देणारा खालचा ब्रश वेगळा केला, वायर ओढली. मीटर लावलं. मीटर पींऽ करून ओरडलं.

"टेकतंय," ती म्हणाली.

पुन्हा उघडलं. पुन्हा टेप. पुन्हा पींऽ. तिच्या कपाळावरचा घाम माझ्या अंगावर पडेल म्हणून तिनं ओढणीनं पुसला. अण्णा खुर्चीत ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. तारामती दारात. तिसऱ्यांदा मीटर लावलं. ओरडलं नाही.

"गप बसलं," अण्णा म्हणाले. "बरं झालं न्हवं?"

"झालं अण्णा."

मग डबे-बरण्या बाजूला सारून मला रुळावर ठेवलं, बटण दाबलं, आणि माझ्या पोटातून आवाज आला. मला स्वतःलाच धक्का बसला. खोल, जाड धडधड. मी उभी होते, हलत नव्हते, तरी धडधडत होते.

"हे कसलं गं?" तारामती म्हणाली. "पोटात कळ आल्यागत कन्हालीया."

अण्णांनी मान वळवली. माझ्याकडे. बरोबर माझ्याकडे. हात टेबलावरनं सरकवत आणला आणि एका दमात माझ्या टपावर ठेवला. चाचपणं नाही, आपटणं नाही.

"हितं हाय," ते म्हणाले. आणि हसले.

रचनानं कंट्रोलरच्या बटणांवर डिंकाचे टपोरे थेंब टाकून दिले, बोटाला कळावं म्हणून, भोंग्याला एक, थांबायला दोन, निघायला तीन. जाताना बजावलं, "अण्णा, आता रुळात कायम करंट असतो हं. आवाज बंद केला, इंजिन उभं असलं, तरीपण. उठताना भिंतीवरचं बटण बंद करायचं."

अण्णांनी मान डोलावली. तारामती तेव्हा खाली चहा टाकायला गेलेली.

खंडे नवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी हत्यारांची पूजा. विळी, कातर, कोयता, शिलाई मशीन, मोटरसायकल, सगळ्यांना कुंकू. गाडीवरनं लिंबू उतरायचं. तारामतीनं खालचं सगळं आटोपलं आणि ताट घेऊन माडीवर आली. अण्णा दुपारचे आडवे झालेले. झोपायच्या आधी त्यांनी माझा आवाज बंद केला होता, भिंतीवरचं बटण नाही. मी गप्प उभी. उभी आहे म्हणजे बंद आहे.

तिनं मला झेंडूचं फूल वाहिलं. नाकाला कुंकू लावलं. लिंबू ओवाळलं, मधून कापलं, आणि माझ्या टपावर पिळलं.

रस जाळीतून आत गेला. स्पीकरच्या कागदावर पडला, तिथून ओघळून हिरव्या पट्टीवर. पट्टीत करंट होता. एक चट आवाज, मग धुराची एक बारीक रेघ जाळीतून वर आली. मला भोंगा दिलेला होता, मला ओरडता यायला पाहिजे होतं. ओरडायचं जे होतं तेच जळत होतं.

तिनं धूर बघितला. आधी तिला उदबत्तीचा वाटला असेल. मग वास आला. ताट हातात तसंच. तिनं फुंकर मारली, पदरानं माझा टप पुसला, कुंकूही पुसून टाकलं आणि खाली निघून गेली.

संध्याकाळी अण्णांनी डिंकाचा थेंब दाबला. पुन्हा दाबला. मी मुकी.

"तारा," त्यांनी हाक मारली. "तू हितं काय केलंस काय?"

"मी काय करनार तुमच्या त्या खेळण्याला?" जिन्यातून उत्तर आलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रचना आली. सुताराला तारामतीनं आधीच त्या दिवसाचं सांगून ठेवलेलं, नको म्हणायचं राहून गेलेलं; तोही येऊन खाली मोजायची टेप घेऊन बसलेला. अण्णांचा चेहरा दगडासारखा.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या हातानं कुठंतरी चुकलंय. राग मानू नको. पण चुकलंय. मोटर टेकली असंल. तू घाई केलीस."

"बघते अण्णा."

टप निघाला. पट्टीवर काळा डाग, कडेनं पांढरी बुरशीसारखी पूड. स्पीकरचा कागद सुरकुतलेला. आणि जाळीत अडकलेला लिंबाचा एक तंतू. रचनानं तो चिमट्यानं ओढला. नाकाजवळ नेला. वर बघितलं. दारात तारामती.

मी त्या दोघींच्या मधे, पोट उघडं टाकून.

"काय झालं?" अण्णा म्हणाले. "गप का? मला दिसत न्हाय म्हणून तुमी खुणा करालाय काय?"

रचना चिमटा खाली ठेवत म्हणाली, "अण्णा, कधीकधी पट्टीच खराब निघते."

रचनाची वाईट बनायची तयारी होती. मला वाटलं, आता तारामती तेवढ्यावर सुटणार. मनातल्या मनात मी तिला जेवढ्या शिव्या देता येतील तेवढ्या देऊन घेतल्या. त्या सगळ्या मी तिच्याकडूनच शिकलेल्या.

"खराब बिराब काय न्हाय," तारामती म्हणाली. "तिच्या मागं मी लपू व्हय? लिंबू मी पिळलं."

"कशावर?"

"ह्या माझ्या सवतीवर. पूजेला. बंद हाय म्हणून पिळलं. धूर निघाला. तुमाला सांगितलं न्हाय."

"लिंबू कशाला गं?"

"दृष्ट काढली."

"मिक्सरवर पिळलंस का कधी?"

"न्हाय."

"मग?"

"मिक्सरमुळं तुमी कवा हसला न्हाय," ती म्हणाली. "दोन वर्सांनी तोंडावर हसू आलं. त्याला लागू नये म्हणून पिळलं. आता बोला काय बोलायचं ते."

अण्णांनी हात टेबलाच्या कडेवर ठेवला. बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली.

"तारा, तुला मी विचारलं होतं? दृष्ट काढ म्हणून? माझी भाकरी तू कुस्करतीस. मी खातो. जिन्यात दंड धरतीस, मी चालतो. मला आवडतंय का न्हाय, तू विचारलं न्हाईस, मी सांगितलं न्हाय. पन ही एक खोली, हे एक टेबल. हितं तुझा हात नको."

"आनि पडला म्हंजे?"

"पडीन."

"शॉक बसला म्हंजे?"

"बसंल."

ती वळली. मला वाटलं आता रडेल. रडणाऱ्यातली ती नव्हे. जिन्यावरनं खाली ओरडली, "ओ सुतार, चहा घ्या आनि घरला जावा. टेबल ऱ्हानार हाय."

मग रचनाकडे बघून म्हणाली, "जळलेली पट्टी परत मिळती काय?"

"मागवावी लागंल अक्का. वेळ लागंल. तोपर्यंत माझ्या इंजिनातली काढून घालते. नवी आली की माझी मला द्या."

"आनि ह्या वेळी तोंड खाली कर त्याचं," तारामती म्हणाली. "माझा भरवसा न्हाय."

पुढच्या रविवारी पुन्हा माझं पोट फाडलं. खालून आणखी कापलं, स्पीकर चाकांच्या मधे, तोंड जमिनीकडे. पुन्हा टेप, पुन्हा मीटर. मीटर गप्प राहिलं. रचना अंधार पडायच्या आत बेळगावला निघून गेली. जेवणं झाली. अण्णा भिंतीला हात लावत वर आले. एकटे. खोलीत आल्यावर त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं; त्याची कडी दोन्ही बाजूंनी फिरते.

बाहेर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर कोणी बसल्याचा आवाज झाला. मग बांगड्या. बस्स.

भिंतीवरचं बटण. मी धडधडायला लागले. थेंब दाबला, मी निघाले. स्टेशन, फाटक, पूल. अण्णा मान वळवत माझ्या मागं मागं ऐकत होते. पुलाच्या पलीकडे रुळांचा फाटा आहे. तो त्यांनी मघाशी हातानं फिरवलेला, पण पुरता बसला नव्हता. मला दिसत होतं. मला थांबता येत नव्हतं. हुकूम पळायचा होता.

पुढची चाकं उतरली. खडखड करत प्लायवूडवर आली. अण्णांनी झटक्यात थांबवलं. मागची चाकं कशीबशी रुळावर टेकून राहिली, तेवढ्यावर माझी धडधड तगली. मी टेबलाच्या अगदी काठाला, तोंड बाहेर. मागचं चाक निसटलं असतं तर मी पुन्हा मुकी, आणि त्यांचं मनगट एकदा चुकलं असतं तर पुन्हा फरशी.

बाहेर बांगड्या वाजल्या. ती उठली होती.

"अवो. काय झालं?"

"काय न्हाय. उतरलीया."

"येऊ काय?"

अण्णांनी कंट्रोलर बाजूला ठेवला. कडी हलली. थोडीशीच. कडीवर हात होता. मी दाराकडे तोंड करून पडले होते, मला ती कडी दिसत होती. मी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नसेल, पण त्या क्षणी मी त्या बाईकडे मागितलं. नको उघडू.

अण्णांचा हात टेबलावर आला. फाटकाशी थांबला. ते ऐकत होते. माझा आवाज मधेच तुटत होता, चाक हललं की जायचा, पुन्हा यायचा. हात पुलावरनं आला, बोटं रुळाला धरून. फाट्यापाशी आला. बोटाला कळलं की रूळ पुरता बसला नाही. त्यांनी तो आधी नीट बसवला. मग माझ्याकडे. तळहात काठावर आडवा ठेवला, मी पडू नये म्हणून, आणि दुसऱ्या हातानं माझं नाक उचललं. नखानं चाकाची कड चाचपली. डावीकडे हलवलं. बसलं नाही. पुन्हा हलवलं. पुन्हा नाही. त्यांचा श्वास जोरात चाललेला. कडीवरचा हात तसाच होता, मला माहीत आहे, कारण कडी अर्धी फिरलेलीच होती.

टक. एक चाक. टक. दुसरं.

माझी धडधड एकसारखी झाली.

अण्णांनी भोंगा दिला. लांब. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

कडी पुन्हा जागेवर आली. मग जिन्यावरनं पावलं खाली गेली, एकेक करून. थांबली नाहीत.

आता नवी पट्टी आलीय, रचनाची तिला परत गेली. मी रोज संध्याकाळी पळते. आठवड्यातून एकदा-दोनदा उतरते, तेवढं चालायचंच. माझा रंग उडालाय, पोटात मूळच्या जस्तापेक्षा टेपच जास्त झालीय. ताटातली भाकरी आता अण्णा स्वतः मोडतात. आमटी सांडते. तारामती तोंडानं बोलत राहते आणि हातानं पुसत राहते, पण मोडू देते.

तुमच्या घरातही कुणी अंधारात चाचपडत असेल. तुम्ही उठाल, धावाल, दंड धराल. माझं एवढंच सांगणं आहे, आधी जागेवर थांबा. दारापर्यंत या हवं तर, कडीवर हात ठेवा. पण त्या माणसाला थोडा वेळ द्या. मी इथंच आहे, काठावर पडलेली, आणि मी धडधडतेय. त्याला ऐकू येतंय.